बिजागरी

सदतीस वर्षं मी पूल तपासले.
मारिबोरमधले, द्रावा नदीवरचे, तिच्या ओढ्यांवरचे,
एक तर इतका लहान
की गाईसुद्धा त्याला पूल मानत नसत.
गंजलेल्या सळईवरून बोट फिरवायचं
आणि फॉर्मवर लाल शाईनं लिहायचं:
तातडीने दुरुस्ती आवश्यक.
लिहिलं की माझं काम संपायचं.
दुरुस्ती दुसरं कुणीतरी करायचं.

ही सवय फार उशिरा लक्षात आली माझ्या.

एप्रिलमध्ये शेजारच्या हर्मिनाचा नवरा गेला.
मातीहून परतल्यावर तिनं फाटक उघडलं,
म्हणजे आधी गुडघ्यानं वर उचललं, मग ढकललं.
वरची बिजागरी निसटलेली.
आणि मी, काळ्या कोटात, सगळ्यांदेखत म्हणालो,
"हे मी करून देतो, राजमुंडचा शब्द.
आता काय, वेळच वेळ आहे."

वेळच वेळ.
मे महिन्यात चौकटीची वही आणली,
फाटकाचं चित्र काढलं, एकास दहा प्रमाणात.
जून स्क्रूंच्या अभ्यासात गेला.
जुलैत उकाडा.
ऑगस्टमध्ये लेव्हल सापडेना. सापडली तेव्हा
तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर बसलेला,
माझ्यासारखाच, निवांत.
मग तेलाचा डबा आणला, हत्यारं पुसली,
तेल लावलं, परत पुसली.
नमनालाच घडाभर तेल,
आणि कुंपणापलीकडे
चार थेंबांची वाट बघत ती बिजागरी.

हर्मिना कधी काही बोलली नाही.
बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.
मी कचरा टाकायला मागच्या दारानं जाऊ लागलो.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ.
मी पाव घेऊन येतोय, ती फाटकाशी उभी,
एका हातात बटाट्यांची पिशवी,
दुसरा हात कमरेवर.
गुडघा आता वर येत नव्हता तिचा.
मी पाव बगलेत धरला आणि फाटक उचललं.
केवढं जड होतं ते!
आयुष्यभर वजनं आकड्यांत वाचली,
हे दंडात भरलं.

खिशात स्क्रूड्रायव्हर नव्हता, दहा सेंटचं नाणं होतं.
"जरा बघतो," म्हणत खालच्या स्क्रूत ते घातलं,
अर्धा फेरा फिरवला,
आणि अख्खं फाटक माझ्या अंगावर आलं.

भर रस्त्यात एक म्हातारा
फाटकाला मिठी मारून उभा, पाव चिखलात.
उद्या करतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
पण फाटक हातात असताना
उद्या ठेवायचा कुठे?

हर्मिनानं टॉर्च धरला.
खांबाचं लाकूड आतून सडलेलं निघालं.
माझ्या चित्रात ते नव्हतंच.
बिजागरी चार बोटं खाली घेतली,
सैल भोकांत तिनं आणलेल्या काडेपेटीतल्या काड्या ठोकल्या.
साडेआठ वाजले. बोट सोललं.
फाटक लागलं, जरा तिरकं.
जुन्या सवयीनं मी खिशात लाल पेन चाचपलं.
ती एवढंच म्हणाली, "लागतंय की."

एक काम झालं की बाकीची आपोआप होतात म्हणे.
कसली होतात!
दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मी पायजम्यातच,
कॉफी गार, वही उघडी.
ओळ दुसरी: प्तुयला भावाला फोन.
तारीख टाकलेली, खोडलेली, टाकलेली, खोडलेली.
आईचं घर विकलं तेव्हापासून अबोला,
नऊ वर्षं झाली.
काय बोलायचं याचे मुद्दे काढावेत, असं वाटलं.
पेन्सिलला टोक करावं, असंही.

सोललेलं बोट ठणकत होतं.
त्याच बोटानं नंबर दाबला,
चष्मा न लावता.

भलत्याच कुणा बाईला लागला.
माफी मागितली.

पुन्हा दाबला.